काचेची पेटी

"बाई, तुमची हाडं आता वळत नाहीत. आजपासून काचेच्या पेटीत आमच्या सूनबाई बसतील," सर्कशीचे मालक म्हणाले. सूनबाईंकडे योगाची तीन सर्टिफिकेटं होती. माझी सव्वीस वर्षं त्या दोन फुटी पेटीत गेली होती. तिनं मला काही विचारलं नाही. मीही सांगायला गेले नाही.

शो सुरू झाला. तिनं दोन्ही पाय मानेमागे घेतले, अंगाची छान घडी केली आणि पेटीत शिरताना योगाच्या वर्गात शिकवतात तसा छाती भरून श्वास घेतला. मला हसूच आलं. पेटीत शिरायचं ते श्वास सोडून, रिकाम्या छातीनं. एवढंही या बयेला ठाऊक नव्हतं!

दोन कामगारांनी झाकण दाबून कडी घातली. टाळ्या पडल्या. काचेवर आतून वाफ धरली आणि तिचे डोळे विस्फारले. कामगार कडी काढायला गेले, तर ती निघेना. फुगलेल्या छातीनं झाकण वर रेटलं होतं. मालक बँडवाल्यांना म्हणत होते, "आणखी जोरात!"

मी धावले. काचेवर थापा मारत ओरडले, "श्वास सोड, गाढवे! सगळा सोड!"

तिनं सोडला. कडी सुटली.

बाहेर आल्यावर तिनं माझा हात घट्ट धरला, तो सोडेचना. मालक मात्र खूश होते. "पब्लिकला थरार आवडला. उद्यापासून रोज असंच ओरडत धावायचं, बाई."

"उद्या पेटीत तुम्ही बसा," मी म्हटलं. "कडी मी लावते."