शेजारीण, शंकर नगर

फोटोखाली कुणीतरी लिहिलं होतं, "ही बाई शंकर नगरात नेमकी कुठं राहते? आमच्या घरची आहे."

"दीदी, तुमच्या ओळखीचं कोणी दिसून राहिलं," ऋता कौतुकाने म्हणाली आणि तिने फोन पुढे केला. पद्मजाने लिहिणाऱ्याचं नाव वाचलं. दिवाकर. तिने फोन ओट्यावर पालथा ठेवला. यवतमाळ सोडून रायपूरला आल्यापासून नवऱ्याचं नाव तिने तोंडातून काढलं नव्हतं. आता ते तिच्याच चेहऱ्याखाली उमटलं होतं.

ऋता घरमालकीण शारदाबाईंची मुलगी. दुसऱ्या फोटोग्राफरांच्या हाताखाली लग्नांमध्ये लाइट धरता धरता स्वतः फोटो काढायला शिकलेली. हिवाळ्यात एका सकाळी पद्मजा गच्चीवर गोधडी झटकत होती आणि ऋताच्या कसल्याशा बोलण्यावर मान मागे टाकून हसली होती. तेवढ्यात ऋताने फोटो घेतला. पोरगी हात बसवते आहे म्हणून पद्मजा काही बोलली नव्हती.

तो फोटो ऋताने एका ऑनलाइन स्पर्धेत पाठवला. फोटोतल्या व्यक्तीची परवानगी घेतली आहे, या ओळीपुढे तिने स्वतःच खूण केली. नाव दिलं, 'शेजारीण, शंकर नगर'. फोटो शेवटच्या फेरीत गेला, लोकांची मतं सुरू झाली. ऋताने रायपूरपासून नागपूरपर्यंत सगळ्या नातेवाइकांना मतं मागितली. त्यांनी पुढे धाडला, पुढच्यांनी आणखी पुढे. फोटो असा यवतमाळला पोचला.

दिवाकरचं नाव वाचलं त्याच दुपारी पद्मजाने ऋताला सगळं सांगितलं. डाव्या कानाने तिला ऐकू का येत नाही, ते सांगितलं. पोलिसांनी दोघांना समोरासमोर बसवून समजूत घातली होती आणि तिला त्याच्याच गाडीवर घरी पाठवलं होतं. त्या रात्री दिवाकर जेवता जेवता, आवाज जराही न चढवता म्हणाला होता, "आता गेलीस तर शोधून आणीन. मग तुले पाय राहणार नाहीत."

ऋताचं तोंड उतरलं. "मले माहीत असतं तर..." एवढंच ती म्हणाली.

"काढून टाक तो फोटो," पद्मजा म्हणाली.

पण मतदान सुरू झाल्यावर फोटो मागे घेता येत नव्हता. ऋताने आयोजकांना फोन लावला. फोटोतल्या बाईची हरकत असेल तर तिनेच ओळखपत्र जोडून लेखी तक्रार करावी, मग समिती बघेल, असं त्यांनी सांगितलं. पद्मजा नको म्हणाली. तक्रार केली म्हणजे बाई खरी आहे आणि इथेच आहे, हे जगजाहीर झालं. फोटो गुपचूप नाहीसा झाला असता तरी दिवाकरला तेच कळलं असतं. चेहरा बदलून टाक म्हणावं, तर एकदा पाठवलेल्या फोटोला हात लावायची सोय नव्हती. उलट परीक्षकांनी कॅमेऱ्यातली मूळ फाइल मागवली होती. उजेड थोडा कमीजास्त करणं आणि कडा कापणं चालतं, त्यापलीकडे काही केलेलं नाही याची त्यांना खात्री हवी होती. ती फाइल पाठवली की ऋता जिंकल्यातच जमा होती. पहिल्या आलेल्याच्या फोटोंचं नवा रायपूरमध्ये प्रदर्शन भरणार होतं.

 ऋता फोन उचलून सरळ खाली निघून गेली.

पद्मजा काय समजायचं ते समजली, ही फाइल पाठवणार. तिने बॅग काढली आणि कपडे कोंबायला लागली. जायचं कुठे, ते मात्र सुचत नव्हतं. गल्लीत मोटरसायकल थांबली की तिचे हात थांबत. संध्याकाळी खाली पुरुषाचा आवाज आला. वर कोण राहते, असं तो शारदाबाईंना विचारत होता. पद्मजा मोरीत जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली. चांगला कान तिने दाराकडे केला. तो विजेचं मीटर वाचायला आलेला माणूस होता. तो गेला तरी तिला मोरीतून बाहेर येववेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऋता वर आली. तिचे डोळे सुजले होते. तिने भरलेली बॅग पाहिली आणि दारातच थांबली.

"पाठवली फाइल?" पद्मजाने विचारलं.

"नाही. मी त्यायले लिहून दिलं, का फोटो खरा नाही. अशी बाईच नाही, मी एआयवर बनवली."

पद्मजाला आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा तिने ऋताचा हात धरला. "अन् तुह्यं?"

"माह्यं नाव बाद केलं. आता त्यायच्या कोणत्याच स्पर्धेत घेणार नाहीत."

स्पर्धेच्या पानावर फोटोवर आडवा लाल पट्टा आला होता. नियमभंग, कृत्रिम प्रतिमा, स्पर्धक कायमची अपात्र. खाली लोक ऋताला खोटारडी, चोर, काय काय म्हणत होते. त्या गर्दीत दिवाकरनेही पुन्हा काहीतरी लिहिलेलं होतं. पद्मजाने तोंड फिरवलं आणि ऋतालाच वाचून दाखवायला सांगितलं.

ऋताने हळूच वाचलं, "मलेही तेच वाटलं. माही बायको असं कधी हसतच नव्हती."