बाळाला सुंदर म्हणायचं नाही

एस्किल दाजी स्वीडनहून थायलंडमधल्या आमच्या खोन केनला आले त्याला सहा वर्षं झाली. तिखट पचलं, जमिनीवर बसणं जमलं, एकच गोष्ट जमेना. बाळाचं कौतुक भुतांच्या कानावर गेलं की ती बाळ उचलून नेतात, म्हणून आम्ही बाळाला कुरूपच म्हणतो. दाजी मात्र स्वतःच्या लेकीच्या पाळण्याशी वाकले की विरघळायचे. लेक जन्मल्यापासूनच्या बारा दिवसांत तीनदा "किती सुंदर!" म्हणाले. शेवटी आईने तंबी दिली, "जावईबापू, आता एकदा जरी म्हणालात, तर पोर शाळेत जाईपर्यंत अंगणात झोपायचं."

काल दुपारी आई पाळण्याकडे पाठ करून केळीची पानं पुसत होती. मागून दाजींचा आवाज आला, त्याच परक्या हेलात, "किती सुंदर आहे! कडेवर घेऊ?"

"झालं सुरू! जीभच हासडते थांबा," आई न वळताच कडाडली.

"आई, कोणाला बोलताय?" म्हणत दाजी जिना चढून वर आले. दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या होत्या.

पाळण्यापाशी कोणी नव्हतं. पाळणा मात्र हलत होता.

दाजींनी पिशव्या टाकल्या, धावत जाऊन पाळण्यावर ओणवे झाले आणि ओरडले, "शी! कसलं हे बेंगरूळ बेडूक! फुकट दिलं तरी कोणी नेणार नाही!"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. जावई अखेर आमच्यातला झाला होता.

पाळणा थांबला. जिन्याच्या पायऱ्या एकेक करून करकरल्या, आणि खाली काढून ठेवलेल्या दाजींच्या चपला फटफट वाजत फाटकाबाहेर निघून गेल्या.