दुपारचं विष

सुलोचना मडावींच्या पत्राला दातारांनी उत्तर दिलंच नव्हतं. "साहेब, आमचा नळ सकाळी चालते आन् दुपारी बंद होते. पाण्यातलं विष काय ऊन चढल्यावर जागं होते का?" एवढंच त्या बाईंनी विचारलं होतं.

राज्यातल्या प्रत्येक नळावर दातारांनी बनवलेली पिवळी काच होती. पाण्यात घातक धातूचा अंश असला की काचेतला रंग भराभर उडायचा आणि नळ आपोआप बंद व्हायचा. रंग किती वेळात उडाला तर विष समजायचं, हे त्यांनी पुण्याच्या गार प्रयोगशाळेत ठरवलं होतं. चंद्रपूरकडच्या उन्हात तो स्वच्छ पाण्यातही लवकर उडणार, हे पत्र वाचतानाच त्यांच्या लक्षात आलं. पण काच मंजूर करणाऱ्या एवढ्या मोठ्या समितीला हे सुचलं नसेल का, असं वाटून ते गप्प बसले. त्या उन्हाळ्यात पाणी विषारी ठरवून सगळं गाव उठवलं गेलं.

आता त्यांनी सुलोचनाबाईंना लिहिलेलं उत्तर सून वाचत होती.

"बाबा, एका पानात चार वेळा 'कदाचित'?"

"सवय गं."

"खोडा ते. आणि सहीखाली हुद्दा लिहा. त्या हे पत्र घेऊन कचेरीत गेल्या, तर नुसत्या दातारांचं कोण ऐकणार?"

"मग चौकशीला मलाच बोलावतील."

"बोलावू देत. त्यांचं गाव गेलंय, बाबा."

दातारांनी चारही शब्द खोडले आणि हुद्दा लिहिला. पाकिटावर आधी त्यांनी गावाचंच नाव घातलं होतं. ते खोडून त्यांनी खाली पुनर्वसन वसाहतीचा पत्ता लिहिला आणि पाकीट टपालपेटीत टाकलं.