बिनपाण्याचं ॲसिड

समोरच्या अनुजानं दारात लाल पेव्हर ब्लॉक घातले, तेव्हापासून जपाला बसले तरी माझं लक्ष तिकडंच जायचं. आमच्या दारात अजून मुरूमच. पण तिच्या गवंड्यानं कंपाउंडच्या भिंतीचा माल नेमका त्या ब्लॉकवरच कालवला आणि सिमेंटचे डाग धरले. दोन दिवसांवर तिच्या पोरीला बघायला कागलचे पाहुणे यायचे होते.

ॲसिडची बाटली घेऊन ती माझ्याकडं आली.

"वैनी, दादांचा जलम गवंडीकामात गेला, तुमास्नी ठावं असंल. ह्ये असंच ओतू, का पाणी घालून? बोला की!"

बिनपाण्याचं ॲसिड ब्लॉकचा रंगच खातं, हे मला चांगलं ठाऊक होतं. मी ओठांवर बोट ठेवलं आणि हात जोडले.

"अगं बाई, मौन हाय व्हय! चुकलं माझं," म्हणत ती माघारी गेली.

दुपारपर्यंत सिमेंट निघालं आणि ब्लॉकचा लाल रंगही. रडत रडत ती गल्लीत सगळ्यांना सांगत होती, "वैनींचं मौन होतं, न्हाय तर त्यांनी सांगितलंच असतं की!"



माझं मौन सोमवारी असतं. त्या दिवशी बुधवार होता.