नाशिकचं गिऱ्हाईक

“नाशिकच्या सुमेधाताई विचारतायत, तुमचं भात कुठल्या पाण्यावर होतं?” पडद्यावरची नजर न काढता अम्रीन म्हणाली.

लीलाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. “वढ्याच्या म्हनावं, आन् पावसाच्या. दुसरं कुठलं पानी हाय आमाला?”

अम्रीनने तसंच टाइप केलं. ओढ्याकाठच्या करंजाची सावली तेवढी स्वतःच्या मनाने घातली.

भोरच्या एसटी स्टँडसमोर तिच्या भावाचं, फुरकानचं, इंटरनेट कॅफे होतं. २००७ च्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका नव्या कंपनीने तिला काम दिलं. शेतकऱ्यांनी घरबसल्या शहरात माल विकावा, असा बाजार कंपनी इंटरनेटवर उभा करत होती. भोर-वेल्ह्याच्या विक्रेत्यांची पानं अम्रीनने बनवायची. गिऱ्हाइकाने आधी मागणी नोंदवायची, पीक निघालं की माल न्यायचा.

“पान वाचताना माणूस समोर उभा राहिला पाहिजे,” ऑफिसातली शलाका फोनवर सांगायची. “नुसता तांदूळ कोण घेतं?”

अम्रीन पार मार्गासनीपर्यंत फिरली. लोक चहा द्यायचे आणि नाही म्हणायचे. तयार झाल्या त्या उत्रोलीच्या लीलाबाई. विहारामागे त्यांचं घर. नवरा गेल्यापासून शेत एकटीच्या अंगावर.

“फोटू मातर नगं,” त्या म्हणाल्या. “त्वांड थोडंच इकायचं हाय?”

मग अम्रीनने खाचराचा फोटो लावला आणि खाली लीलाबाईंबद्दल मन लावून लिहिलं.

सुमेधाताईंनी सगळं पीक मागितलं. फक्त आंबेमोहरच हवा, म्हणाल्या. लीलाबाई वर्षानुवर्षं इंद्रायणी लावायच्या आणि गावातला रखमाजी व्यापारी ते उचलायचा. त्याने समजावलं, “आंबेमोहर वाऱ्यानं आडवा पडतो, बाई. उतारा न्हाई. आन् असलं न बघितलेलं गिऱ्हाईक धरून कुनी पेरतं व्हय?”

“तिनं मला मावशी म्हटलंया,” लीलाबाई म्हणाल्या, आणि रोपांसाठी आंबेमोहराचे तरवे टाकले. रखमाजी चिडून गेला. पुन्हा माझ्या दारात येऊ नका, म्हणाला.

पावसाळाभर लीलाबाई बाजाराच्या दिवशी कॅफेत यायच्या. बाहेर पायरीवर चिखलाचे पाय पुसायच्या आणि अम्रीनच्या शेजारी बसायच्या. काही वेळा सुमेधाताईंचा प्रश्न तांदळाचा नसायचाच. ‘मावशी, जेवलात का?’ एवढंच असायचं. लीलाबाई ते पुन्हा वाचायला लावायच्या.

“घरात आता आसं इचारनारं कोन न्हाई,” एकदा त्या म्हणाल्या.

दसऱ्यानंतर वारा सुटला आणि निम्मं भात आडवं झालं. राहिलं ते लीलाबाईंनी गिरणीतून भरडून आणलं, बसून खडा न् खडा निवडला. पण नाशिकहून काही येईना. अम्रीनने ऑफिसला फोन लावला. तो कुणी उचलला नाही.

“आजारी आसंल बिचारी,” लीलाबाई म्हणाल्या. “पुण्याच्या हापिसात पोचवू. तिथून लावून देतील. व्हय का न्हाई?”

टेम्पो कापूरहोळवरून हायवेला लागला. लीलाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून मागे पोत्यांपाशीच बसल्या. मांडीवर वेगळी पुरचुंडी होती. सुमेधाच्या पोरांना खिरीसाठी कण्या.

पुण्यात अम्रीन एकटीच वर गेली. ऑफिसातली टेबलं रिकामी होती. एक मुलगी कॉम्प्युटरच्या वायरी गुंडाळत होती. आवाजावरून अम्रीनने ओळखलं, ही शलाका.

“कंपनी बंद झाली गं,” शलाका म्हणाली. “तुला कळवायचं राहूनच गेलं.”

“असू दे. सुमेधाताईंचा पत्ता तेवढा दे.”

शलाका थकल्यासारखी हसली. “सुमेधा मीच. नाशिकची, साताऱ्याची, सगळी गिऱ्हाइकं मीच. बाजार ओस दिसला तर खरं माणूस आत येईल का? सर म्हणायचे, गर्दी दाखव.”

अम्रीनने खिडकीकडे बोट केलं. खाली लीलाबाई पोत्याला टेकून, पदर सावरत, वर बघत होत्या.

शलाका वाकून बघत राहिली. तिच्या हातातली वायर सुटली.

“या लीलाबाई?” ती कशीबशी म्हणाली. “अम्रीन, मला वाटलं, त्यांना तू मनानेच रचलंयस.”