होर्डिंगमागची पहाट

ऑनलाइन शर्यतीच्या एका गेममधली शेवटच्या वळणावरची पहाट तिने रंगवली होती. गेममधली आकाशं तीच रंगवायची, म्हणून ऑफिसात तिला सगळे 'ढगवाली'च म्हणायचे. पण जाहिरातवाल्या साहेबांनी नेमकं त्या पहाटेसमोर सोड्याच्या बाटलीचं भलंमोठं होर्डिंग ठोकलं आणि तिची मेहनत पाण्यात नव्हे, सोड्यात गेली.

आज सोडावाल्यांचा करार संपला आणि होर्डिंग उतरलं. दुपारी साहेब धापा टाकत तिच्या टेबलापाशी आले.

"अगं, गेम अडकलाय! सगळ्या गाड्या शेवटच्या वळणावर उभ्या आहेत!"

तिने स्क्रीन लावली. गेम व्यवस्थित चालू होता. देशोदेशीचे खेळाडू गाड्या थांबवून नुसते उभे होते. जिंकायची रेषा हाकेच्या अंतरावर होती, पण कुणी पुढे सरकत नव्हतं, कुणी हॉर्नसुद्धा वाजवत नव्हतं. समोर डोंगराआडून ऊन हळूहळू वर येत होतं.

साहेब खुर्ची ओढून बसले. ऊन डोंगरावर पुरतं येईपर्यंत ते स्क्रीनकडे बघत राहिले.

"अशी जाहिरात मला जन्मात जमली नाही गं," शेवटी ते हळूच म्हणाले. "कुठल्या कंपनीची आहे?"