श्वास रोखा, काका

मृत्यूला मी आयुष्यात कधीच घाबरलो नाही. सुईला मात्र घाबरतो.

आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये पोचला आणि बाळकुमच्या हॉस्पिटलात माझं रेडिएशन सुरू झालं. त्यात सुई नाही, म्हणून मी खूश. टेक्निशियन संचिता बाहेरून, कॅमेऱ्यात बघत, स्पीकरवर "श्वास रोखा" म्हणते, मी रोखतो. श्वासाबरोबर लिव्हर हललं नाही तरच किरण नेमके गाठीवर पडतात; हललं की मशीन बंद.

आज ते चौथ्यांदा बंद पडलं.

"काका, श्वास घेतलात ना?"

"नाही गं बाई!"

जाड दार बंद होतं. आत मी एकटाच. पुन्हा श्वास रोखला. डाव्या कानाशी कुणीतरी सावकाश श्वास सोडला. कोमट होता.

स्पीकर खरखरला.

"काका, तुमचं बरोबर आहे. शेजारी झोपलेल्या आजोबांनाही जरा रोखायला सांगा ना."